खाचा पाडलेले मासे

घड्याळजींच्या हातून डबा निसटला आणि गळाला लावायचे बत्तीस नकली मासे फरशीभर पसरले. बोटाएवढे, काही लाकडाचे, काही प्लास्टिकचे, प्रत्येकाच्या पोटाखाली मासा अडकवायचे आकडे. दुसऱ्या कुणी ते दहा मिनिटांत गोळा करून जागच्या जागी लावले असते. घड्याळजींचं घोडं तिथेच अडलं. त्यांना जन्मापासून लाल आणि हिरवं एकच दिसायचं. नारिंगी, पोपटी, तपकिरी ही सगळी त्याच भावकीतली. घड्याळं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, पण त्यापायी काही अडलं नव्हतं. तळ्यातल्या माशाला मात्र रंग कळतो.

डबा लावायची बायको. तिने स्वतः कधी गळ धरला नाही. काठावर बसून पाण्याकडे बघायची आणि हवा तो मासा काढून द्यायची. नियम तिला तोंडपाठ. पाणी गढूळ तर भडक नारिंगी नाहीतर पोपटी. नितळ पाणी आणि वर ऊन, तर चंदेरी. आभाळ भरलं की सोनेरी. दिवस कलला की काळा, कारण खालून वर बघणाऱ्या माशाला काळ्याचीच आकृती ठळक दिसते. जायच्या आदल्या दिवशी तिने चार कप्पे नीट लावून दिले होते.

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती गेली, ‘दोन महिन्यांत येते’ म्हणाली. त्याला आता चौदा महिने झाले. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. आधी बाळंतपण, मग नातीचे दात, मग लेकीची नोकरी. एकेक कारण अगदी खरं होतं, तेच तर वाईट.

घड्याळजींनी काळे मासे तेवढे वेचले आणि बायकोला व्हिडिओ फोन लावला.

“अगं, डबा सांडला.”

“सगळा?” ती हसायलाच लागली. “दाखवा एकेक. अहो, दिव्याखाली नको, सगळंच पिवळं दिसतंय. खिडकीशी जा.”

घड्याळजी खिडकीशी गेले. एकेक मासा फोनपुढे धरू लागले. “हा नारिंगी, गढुळातला. हा सोनेरी. हा... उलटा करा बघू, पोट कसलं आहे? चंदेरी. ठेवा दुसऱ्या कप्प्यात.” मधूनच नात फोनवर झडप घालायची, मग छतच दिसायचं. पाऊण तास असा गेला. इतका वेळ ती दोघं कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. शेवटचा मासा त्यांनी मुद्दाम सावकाश उचलला.

तो लावून झाल्यावर बायको म्हणाली, “एक करा. प्रत्येकावर काहीतरी खूण करून ठेवा. म्हणजे पुन्हा सांडला तरी मला विचारायला नको.”

“विचारलं तर काय झालं?”

तिने नातीला मांडीवर ओढलं. “जावयांनी मागची खोली रिकामी केलीय. आपल्या दोघांसाठी. तुम्हीही या ना आता.”

घड्याळजी एकदा तिकडे पंधरा दिवस राहून आले होते. सगळे फार चांगले वागले. पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी धावायचं, “बाबा, काय हवंय?” पंधरा दिवसांत त्यांनी एक पेलासुद्धा स्वतःच्या हाताने विसळला नव्हता.

“बघू,” ते म्हणाले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ तिला सांगायला लागत नव्हता.

फोन ठेवल्यावर त्यांनी जुनी हत्यारं काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेका माशाच्या पाठीवर खाचा पाडल्या. गढुळाला एक, नितळाला दोन, आभाळाला तीन. काळ्यांना काही लागत नव्हतं. हात अजून स्थिर होता. काम फक्कड झालं. दाखवायला घरात कुणी नव्हतं.

रविवारी ते तळ्यावर गेले. वरच्या अंगाला रस्त्याचं खोदकाम चाललेलं, पाणी चहासारखं गढूळ. त्यांनी अंगठ्याने चाचपून एका खाचेचा मासा काढला आणि दोरी फेकली. तासाभराने असा हिसका बसला की काठी वाकून पाण्याला टेकली. वर आला तो हातभर लांब मासा. घड्याळजींनी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे नुसतं गवत होतं. एवढा मासा एकट्याला काय करायचा? त्यांनी आकडा सोडवला आणि त्याला परत पाण्यात जाऊ दिलं.

लगेच फोन लावला. बायको कुजबुजली, “आत्ताच झोपलीय ती. नंतर करते.”

‘नंतर’ म्हणजे दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. तोवर सांगायची हौस निवली होती.

“मिळाला एक. बरा होता.”

“हो? कशावर? नारिंगीवर की पोपटीवर?”

खाचेवरून पाणी कळत होतं, रंग नाही.

“नारिंगी,” त्यांनी ठोकून दिलं.

“मला वाटलंच!” ती इतकी खूश झाली की त्यांनाही बरं वाटलं. मग हळूच म्हणाली, “मग, कधी येताय?”

“पाणी जरा निवळू दे.”

“बरं,” ती म्हणाली. खोदकाम किती दिवस चालणार आहे, ते तिने विचारलं नाही.