तिघींचा बाक

साहेबांनी पुस्तक उलटं धरलं, दोन्ही पुठ्ठे फाकवले आणि झटकलं. काही पडलं नाही. मग जिभेला बोट लावून पानं चाळली. तरी काही नाही.

प्रेमानंद समोर हात जोडून उभा होता. वीस वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत फिटर म्हणून घासल्यावर त्यानं हिंगण्याला भाड्याची शेड घेतली होती. शाळांचे लोखंडी बाक बनवायचे. आज शेडचं उद्घाटन. विजेची थ्री-फेज लाइन ज्यांच्या सहीपायी अडली होती, त्याच साहेबांना त्यानं फीत कापायला बोलावलं. त्याच्या वस्तीत लग्न असो की नवं घर, पाहुण्याला हारतुरे देत नाहीत, संविधानाची प्रत देतात. बायकोनं, मेघानं, हौसेनं तिला सोनेरी कागद लावला होता. मान दिला की माणूस अडवणार नाही, असं या भाबड्याला वाटलं. आणि साहेबांना वाटलं, सोनेरी कागदात नेहमी असतं तेच असेल. शी!

"छान आहे," साहेब म्हणाले. पुस्तक खुर्चीवर टाकलं आणि जाता जाता ताटलीतला समोसा उचलला. "लाइनचं बघू."

बघू म्हणजे काय, ते सांगायला नत्थूजी होतेच. वीज ऑफिससमोरच्या चहाटपरीवर त्यांची बैठक असे. साहेबांचा खिसा जणू त्यांच्याच सदऱ्याला शिवलेला.

"तुले अक्कल हाय का नाही बाप्पा? साहेबाले पुस्तक देते का कोणी?"

"संविधान होतं ते, नत्थूजी."

"तेच तं म्हणून राहिलो ना मी! त्याच्यावर शपथ घेतेत गा. लाइन नाही घेत."

आणि हसले मेले, चहा सांडेपर्यंत.

प्रेमानंद इरेला पेटला. वरच्या ऑफिसात रीतसर तक्रार दिली. ती फिरत फिरत खाली आली ती त्याच साहेबांच्या टेबलावर, 'योग्य कार्यवाहीसाठी'. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! साहेबांनी कार्यवाही केली. अर्जात नवी चूक काढली.

तोवर शेडमध्ये डिझेलचा जनरेटर गुरगुरत होता आणि मिळकत पिऊन टाकत होता. नंदनवन वस्तीतली चार पोरं कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. वाट बघून बघून ती पुण्याला निघून गेली. उरला एकटा वेल्डर अंकुश. येता-जाता चौकात सरकारी फलक दिसे, 'उद्योजकांचे स्वागत आहे'. प्रेमानंद त्या बाजूला बघायचंच टाळू लागला.

शेवटी एका शाळेच्या बाकांची मुदत अंगावर आली. ऑर्डर गेली तर शेडही जाणार होती. प्रेमानंद टपरीवर गेला. नत्थूजींनी पाकीट न मोजता आत सरकवलं.

"पहिल्याच दिवशी दिलं असतं तं? खालीपिली हैरान झाला."

त्याच संध्याकाळी लाइनमन शिडी घेऊन हजर!

आता दिलेलं कुठून तरी वसूल करायला हवं होतं. बाकाचा भाव शाळेशी ठरलेला होता, त्यात एक पैसा वाढणार नव्हता. राहिला पाइप.

"भाऊ, हा पाइप हलका हाय," अंकुश म्हणाला. "पाय वाकतीन बाकाचे."

"रंग जाड मार."

"रंगानं वजन पेलते काय, भाऊ?"

"मार म्हटलं ना!"

अंकुशनं ब्रश उचलला. प्रेमानंदला स्वतःची अशी शिसारी आली, की तो बाहेर जाऊन थुंकला. त्या साहेबाचीही इतकी आली नव्हती. पण 'राहू दे' असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

जरीपटका भागातल्या त्या शाळेत बाक उतरवले तेव्हा मुली आधीच वर्गात जमिनीवर बसल्या होत्या. मुख्याध्यापिका शोभाताई खुशीत होत्या.

"काय चकाचक केले गा भाऊ! जीव लावून काम केलं तुमी."

प्रेमानंदनं मान खाली घातली. "ताई, एका बाकावर दोघीच बसवा."

"काहून?"

"नवे हाय ना... रंग निघते."

"निघू द्या रंग. पट केवढा हाय, पाहून राहिले ना? तिघी तिघीच बसतीन." त्यांनी टाळी वाजवली. "चला गं पोरींनो!"

पोरी धावल्या. पहिल्याच बाकावर तिघी दाटीवाटीनं बसल्या, मधली आनंदानं उड्या मारू लागली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. प्रेमानंद हलला नाही. बाकाच्या पायांकडे बघत तो दारातच उभा राहिला.