इलेक्ट्रॉनला आडवी आलेली भिंत

आत्या आणि भाची भौतिकशास्त्राच्या एकाच विभागात, एकाच खोलीत बसत. आत्याने तरुणपणी अणूचं एक गणिती मॉडेल रचलं होतं. इलेक्ट्रॉनला भरपूर ऊर्जा देऊन केंद्रकापासून लांब नेलं, इतकं लांब की अणूशी जेमतेम नातं उरावं, तर त्याची ऊर्जेची पातळी नेमकी कुठे असेल, हे ते सांगायचं. एवढ्या लांबूनही नातं तुटत नाही, ही भगवंताची लीला आत्याला आयुष्यभर पुरली होती.

यंदा मात्र, लेसरने या पातळ्या मोजणाऱ्या गटाच्या, म्हणजे लेसरवाल्यांच्या, मोजमापांशी मॉडेल जुळेना. खालच्या पातळ्या चोख, वरच्या भलत्याच उंच. "दुपारपर्यंत जुळलं तर ठीक, नाहीतर आम्ही दुसऱ्यांचं मॉडेल घेतो," असं लेसरवाल्यांच्या प्रमुखाने सांगून टाकलं. आत्याचा चहा तसाच निवला.

भाचीचं आपण लिहिलेलं सगळं तपासून झालं होतं. उरल्या होत्या प्रोग्रॅममधल्या आत्याच्या जुन्या ओळी, आणि त्यांना हात लावायचा नाही हा तिचा नेम. शेवटी भीतभीत तिने त्या उघडल्या आणि कपाळावर हात मारला.

"आत्या, रागावणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"तू इलेक्ट्रॉनला भिंत घातली आहेस. इथवरच फिरायचं, पलीकडे नाही. वरच्या पातळीतला बिचारा तिच्यावर आपटतोय, म्हणून त्याची ऊर्जा जास्त येतेय."

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. "अगं बाई! तेव्हाचा कॉम्प्युटर एवढासा. भिंत लांब नेली असती तर त्याने मानच टाकली असती. मग काढायची राहूनच गेली. पण तुला ती आज दिसली?"

"तुझ्या ओळींना मी हात लावत नाही."

"का, मी देव आहे? अगं, देवापुढेसुद्धा लोक रोज गाऱ्हाणी घालतात, आणि तुला माझी एक चूक सांगवेना!"

भाची ओशाळली. "पण आता भिंत लांब न्यायची तर वाटेतले हिशेब करायचे बिंदू किती वाढतील? दुपार कुठली पुरायला!"

"सगळीकडे दाट कशाला? केंद्रकाजवळ तो धावत सुटलेला असतो, तिथे दाट घे. लांब गेला की रमतगमत चालतो, तिथे विरळ चालतील."

दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि भिंत पार लांब नेली. वरचे आकडे एकेक करत खाली उतरले, मोजमापांच्या शेजारी येऊन बसले. भाची ओरडलीच. आत्याने डोळे मिटून हात जोडले आणि लगेच फोन उचलला.

"जुळलं," ती लेसरवाल्याला म्हणाली. "छे हो, मी नाही, भाचीने शोधलं. चूक माझीच होती. थांबा, तिच्याशीच बोला."

रिसीव्हर भाचीच्या हातात कोंबून ती हळूच म्हणाली, "बोल आता. आणि उद्यापासून माझी प्रत्येक ओळ उकरून बघायची. एक जरी सोडलीस, तर गाठ माझ्याशी आहे."