मुंडावळ्यांचं पार्सल

माझा भाऊ गोपाळ अग्निवीर म्हणून भरती झाला आणि ट्रेनिंग सेंटरातून त्याचा पहिला फोन आला, तेव्हा त्याने दोनच गोष्टी मागितल्या. पायाला लावायची पावडर आणि शेंगदाण्याचे लाडू. आईबाप गेल्यापासून तो माझ्याकडेच, पिंगळीला वाढला. त्याला काय लागतं ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पार्सल जाणार म्हटल्यावर गल्लीतला जो तो शहाणा झाला.

त्यात सगळ्यात पुढे पप्पू, गोपाळचा दोस्त. दिवसभर मोबाइल, कामाच्या नावाने बोंब.

“अक्का, पावडर काय पाठवायलीस? तिथं पोरं रडकुंडीला येतेत. गमतीचं पाठवावं लागतं. मी व्हिडिओ बघितलाय.”

त्याने पत्त्यांचा कॅट आणला, शिट्टी आणली, दोस्तांचे तोंड वेंगाडलेले फोटो आणले आणि जत्रेतला मिशांचा चष्माही आणला. चष्मा मी त्याच्यादेखत चुलीत घातला. बाकीचं राहू दिलं, कारण फोटो बघून मलाही हसू आलं होतं.

मग पोखर्णीहून भक्तीचं गाठोडं आलं. भक्ती म्हणजे गोपाळची होणारी बायको. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही, केलं की घरी पाठवतात, म्हणून नुसता साखरपुडा उरकला होता. तिचा बाप व्यंकटराव मला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचा. आधी ‘दोन एकरवाल्याला पोरगी देत न्हाई’ म्हणून आम्हाला दारातून परत पाठवलं आणि गोपाळ भरती झाल्याचं कळलं तसा पेढे घेऊन माझ्याच दारात हजर. गोपाळ मात्र त्या पोरीवर जीव टाकून होता, म्हणून मी गप्प बसले.

गाठोड्यात चकल्या होत्या, नरसिंहाचा अंगारा होता आणि चारी बाजूंनी शिवलेला एक रुमाल होता. दोघांचं काहीतरी खासगी असेल म्हणून मी तो उसवला नाही. सगळं पांढऱ्या कापडात शिवलं आणि पोस्टात देऊन आले.

रविवारी गोपाळचा फोन आला. तिथे पार्सल ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांसमोर, सगळ्या पोरांच्या देखत उघडतात, हे मला तेव्हा कळलं. रुमालातून निघाल्या मुंडावळ्या. मोत्यांच्या, नवरदेवाच्या कपाळाला बांधतात त्या. उस्तादांनी त्या गोपाळच्या कपाळाला बांधल्या आणि बेडूकउड्या मारत ग्राउंडची चक्कर मारायला लावली.

“समदी कंपनी हसायली होती,” गोपाळ म्हणाला. “पर अक्का, मला राग न्हाई आला. तिनंच टाकल्या ना? मजाक म्हनून?”

“तू आधी पुढं सांग.”

“साहेबाला वाटायलंय, मी लगीन करून आलोय. तसं निघालं तर नौकरी गेली म्हनले. घरच्यावर इश्वास न्हाई त्यांचा. पुढल्या रविवारी पोरीच्या तोंडून ऐकायचंय म्हनले.”

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोखर्णीत व्यंकटरावच्या ओसरीवर उभी होते. पाणी दिलं ते मी घेतलं नाही.

“मुंडावळ्या कोनी टाकल्या?”

“आमाला काय माहीत? तुमच्या त्या पप्पूचं काम असंल,” व्यंकटराव म्हणाला. “आन् नौकरी गेलीच तर मला आधी कळवा. सोयरिकीचा इचार करावा लागंल.”

हा माणूस असा. मी तोंड उघडणार, तोच भक्ती आतून आली. हातात काही नव्हतं, डोक्यावर ओढणीही नव्हती.

“मी टाकल्या,” ती म्हणाली. “पार्सल साहेबासमोर उघडतेत हे ऐकलं होतं मी. त्याला काढून टाकावं म्हनून टाकल्या.”

व्यंकटराव ताडकन उठला.

“तुमी नौकरीला पोरगी देलती, आप्पा. नौकरी गेली की सोयरीक गेली. दुसरा रस्ता सांगा मला. तुमाला म्हनलं, मार खाल्ला. या अक्काला म्हनलं, मला न्हाई करायचं. त्या म्हनल्या, चार वर्षं हायेत, होईल सवय.”

म्हणाले होते मी तसं. पण ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते. माझा हात उठला होता.

“माझ्या भावानं काय वाईट केलं तुझं?”

“काईच न्हाई. चांगला हाय तो. पर मला नगं हाय.”

रडली असती तर मी तिला मारलं असतं. ती रडली नाही. मी हात खाली घेतला.

“रविवारी फोनवर खरं सांगायचं,” मी म्हणाले. “मग तू मोकळी.”

“मोकळी? आन् माझी इज्जत?” व्यंकटराव ओरडला.

“तुमच्या इज्जतीपायी माझ्या भावाची भाकर जायलीय. मदी आलाव तर पोरीनं काय केलं ते समद्या पोखर्णीला सांगंन.”

तो खाली बसला.

रविवारी त्याच ओसरीवर मी माझा फोन स्पीकरवर ठेवला. साहेबांचा आवाज जड होता. “बेटी, शादी हुई है तुम्हारी इससे?”

“नहीं साहब.”

“तो ये मुंडावळी किसने भेजी?”

“मैंने. मेरी गलती है.”

“होने वाला पति है?”

भक्तीने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

“नहीं साहब. वो मेरा कोई नहीं लगता.”

पलीकडे कोणीतरी खाकरलं. मग साहेब म्हणाले, “ठीक है. लड़का यहीं खड़ा है, सुन लिया उसने. नौकरी को कुछ नहीं होगा.” त्यांनी फोन गोपाळला दिला.

भक्ती आत निघून गेली. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

“गोपाळ, नौकरी राहिली बघ,” मी म्हणाले.

“हाव.”

“लाडू संपले असतील. पुढल्या पार्सलात काय टाकू?”

“काईच नगं, अक्का,” तो म्हणाला. “हितं समद्यांसमोर उघडतेत.”