एकोणिसावी खुर्ची

मात्सेलिसोने मेलेल्या नवऱ्याची घोंगडी लपवली. तिच्याबद्दल लोक पुढे काय वाट्टेल ते बोलले, त्यातलं निम्मं खोटं. पण ही चूक खरी, आणि ती तिने डोळे उघडे ठेवून केली.

माणूस गेला की महिन्याभराने त्याच्या मामाने यायचं, मेंढा कापायचा, मेलेल्याचे कपडे अंगणात मांडायचे आणि आपल्या हाताने ज्याचे त्याला वाटायचे, ही आमच्या बेरेआ जिल्ह्याकडची रीत. पायमोज्यापर्यंत सगळं वाटलं गेलं पाहिजे. एक कपडा जरी घरात राहिला तरी माणूस उंबरा सोडत नाही. लेकेना मामांनी रीतीप्रमाणे चारचौघांत तीनदा विचारलं, "सूनबाई, सगळं बाहेर आलं ना?" तिन्ही वेळा ती "हो मामा" म्हणाली. आणि फाकिसोची करडी घोंगडी, जी पांघरून तो मोर्चाला गेला होता, ती आत शिलाई मशीनच्या झाकणाखाली घडी करून ठेवलेली होती.

का? अहो, का म्हणजे काय! घरात दोघंच. लग्नाच्या दिवशी सासरच्यांनी तिचं नाव ठेवलं मात्सेलिसो, त्सेलिसोची आई. आमच्याकडे मूल होण्याआधीच नाव ठेवून मोकळे होतात. तो त्सेलिसो काही जन्माला आला नाही. पंचवीस वर्षं ती दोघं एकमेकांशी भांडत, एकमेकांच्या चहात साखर घालत जगली, आणि आता तोही गेला. तिला वाटलं, राहिला घरात तर राहू दे.

तो गेला त्याचं मूळ होतं एक खुर्ची, पार्लमेंटातली. जळो मेली ती!

झालं असं की त्या निवडणुकीत प्रत्येकाला दोन मतं होती, एक उमेदवाराला, एक पक्षाला. पक्षांच्या मतांवर ज्या खुर्च्या वाटतात त्या खरं तर हरलेल्यांसाठी, त्यांनाही तोंड असावं म्हणून. पण मोठ्या पक्षाने शक्कल लढवली. "उमेदवार आमचा निवडा आणि दुसरं मत आमच्या धाकट्या भावाला द्या," असं त्यांनी गावोगाव सांगितलं. झालं! ज्या धाकट्या पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्या पदरात एकोणीस खुर्च्या पडल्या, आणि विरोधक हात चोळत बसले. त्या धाकट्या पक्षाच्या यादीत एकोणिसावं नाव होतं मात्सेलिसोचं.

तिला राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. पक्षाचा चिटणीस मोनाहेंग तिच्याकडे पँट आखूड करून घ्यायला आला होता. "मावशी, यादी आज द्यायची आहे आणि एक नाव कमी पडतंय. तुमचं टाकू? तसंही कोण निवडून येतंय!" तोंडात टाचण्या धरलेली मात्सेलिसो म्हणाली, "टाक बाबा." बस्स, एवढंच तिचं राजकारण.

फाकिसो पक्का विरोधातला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "ती खुर्ची आपली नाही, मात्सेलिसो. दुसऱ्याच्या ताटातला घास आहे तो." ती म्हणायची, "अहो, पगार मिळेल, छपराचे पत्रे बदलू." मग एके सकाळी तो घोंगडी पांघरून राजधानीला, मासेरूला, मोर्चाला निघाला. तिने दारातून हटकलं, "बायकोविरुद्ध घोषणा द्यायला चाललात होय?" "बायकोविरुद्ध नाही गं, खुर्चीविरुद्ध," असं म्हणून तो हसला. दुपारी अश्रुधुराची नळकांडी पडली, गर्दी उधळली, आणि तो पायांखाली आला.

घोंगडी लपवल्याच्या चौथ्या दिवशी तो आला. भर दुपारी, चहाच्या वेळेला, दाराशी उन्हात बाकावर बसलेला.

ती घाबरली नाही. तिने दोन कप भरले.

"चहा घ्या."

"ती खुर्ची आपली नाही, मात्सेलिसो."

"ठाऊक आहे. जिवंत होतात तेव्हाही हेच ऐकवत होतात."

"मग सोड."

"आधी चहा घ्या, निवतोय."

तो चहाला हात लावत नसे. पण रोज यायचा, रोज तेच वाक्य, आणि ऊन भिंतीवर चढलं की नसायचा. त्याच्या बरगड्यांवर बुटांचे ठसे होते, ते सदऱ्याखालूनही तिला दिसायचे. बघवत नसे, तरी बारा वाजल्यापासून तिचं लक्ष दाराकडे लागलेलं असायचं.

एक दिवस लेकेना मामा अचानक टपकले. बाकावर भरलेला कप पाहून ते उभेच राहिले.

"हा कोणाचा चहा, पोरी?"

तिला खोटं बोलवेना. ती ढसाढसा रडली आणि झाकणाखालून घोंगडी काढून तिने त्यांच्या पायांशी ठेवली.

म्हाताऱ्याने वाकून घोंगडी उचलली. मग म्हणाला, "तुला कळतंय का, काय केलंस? तिकडे त्याचे बाप-आजे वाट बघत बसलेत आणि हा इथे दारात ताटकळतोय. ना इकडचा ना तिकडचा. माया आहे का ही? हा छळ आहे छळ!"

"मामा, मी एकटी काय करू?"

"एकटं राहायचं. मी नाही राहत?" त्यांनी घोंगडी काखेत मारली. "ही मी नेतो. पण त्याला दोन गाठींनी बांधलंय, पोरी. दुसरी गाठ ती खुर्ची. ती सोडलीस की सुटला बिचारा. शपथेच्या दिवशी मी पार्लमेंटच्या फाटकाशी असेन, मोर्चातच. राजीनामा माझ्या हातात दे, मी सगळ्यांसमोर वाचतो."

तिने राजीनामा लिहिला. चार ओळी, खाली सही. आणि त्या दिवसापासून बाक रिकामा राहिला.

आठ दिवस! तिने दुपारी दोन कप भरायचे, आणि दोन्ही ओतून द्यायचे. मशीन चालवली की घरभर तेवढाच आवाज. मक्याचा घाटा एकटीपुरता शिजवायची, तोही उरायचा. तिला वाटलं, गेला. मामा म्हणाले तसा, नुसत्या सहीनेच सुटला. चांगलंच झालं, असं ती स्वतःला सांगायची आणि मग उशीत तोंड खुपसायची.

जून म्हणजे आमचा ऐन हिवाळा; शपथेच्या दिवशी थंडी हाडांत शिरत होती. मोनाहेंगच्या गाडीतून ती फाटकाशी उतरली, अंगावर विधवेचा काळा झगा, पोलक्यात राजीनामा. मोर्चेकरी पोलिसांच्या दोरीपलीकडे दाटले होते. "चोर! खुर्चीचोर!" कोणी म्हणालं, "नवरा खाल्लास, आता पगार खा!" तिने मान खाली घातली. लेकेना मामा दोरीपाशी हात पुढे करून उभेच होते. तिने पोलक्यातून कागद काढला.

"ती खुर्ची आपली नाही, मात्सेलिसो!"

तिने वर पाहिलं. मामांच्या मागे, तिसऱ्या रांगेत, नुसत्या सदऱ्यावर काकडत फाकिसो उभा होता. दोन्ही हात वर करून ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळे तिच्यावर.

तो गेला नव्हता. घोंगडी गेली तसा दाराशी यायचा थांबला, तरी खुर्चीने त्याला धरून ठेवलं होतं. आता हा कागद मामांच्या हातात पडला की तो ओरडायचा थांबेल, हात खाली घेईल, वळेल आणि चालू लागेल. मग कधीच नाही.

"दे पोरी," मामा म्हणाले. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून ते काय ते समजले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आलाय ना तो? सोड गं त्याला. थकलाय माझा पोर."

"दिसतंय मला, मामा. थकलेत ते."

"मग?"

"नाही सोडत," मात्सेलिसो म्हणाली. कागद तिने पुन्हा पोलक्यात खोचला आणि ती फाटकातून आत गेली. पाठीमागे लोक थुंकले. आत तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने हात वर करून शपथ घेतली, मोठ्या, खणखणीत आवाजात, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी.