पल्याडून दिसलेलं घर

दर पावसाळ्यात पार्बताबाईच्या घरचा फ्रीज पलंगावर चढून बसायचा. फ्रीजवर मिक्सर, मिक्सरवर पापडाचा डबा, आणि सगळ्यांच्या वर, म्हणजे पार देवाच्याही वर, तिखटाची बरणी. माणूस भिजलं तर वाळते, तिखट भिजलं तर अख्खं वर्ष वाया जाते, असं पार्बताबाईचं म्हणणं. देवानंही कधी तक्रार केली नाही. त्यालाही वरणाला फोडणी लागतेच ना!

दर्यापूर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला हे गाव. मधून नदी वाहते, तिचं नाव सुकी. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं ते वैशाखात ठेवलं असणार. कारण श्रावण-भादव्यात ही सुकी अशी काही फुगते की विचारू नका. एका पुरात वामनराव माळ्याचा कोंबडा वाहून गेला आणि आठवड्यानं परतवाड्याच्या एसटीच्या टपावर बसून ऐटीत परत आला. तिकीट काढलं नाही म्हणून कंडक्टर अजून त्याला शोधतो म्हणतात. खोटं वाटत असेल तर माळीपुऱ्यात विचारा. तिथं एकाचे चार कोंबडे करून सांगतील.

वामनराव म्हणजे पार्बताबाईचे मालक. ते गेले, पण त्यांनी माळीपुऱ्यात, नदीच्या काठावर बांधलेलं निळं घर राहिलं. घरात पार्बताबाई, मुलगा मनोज आणि सून प्रणाली. घराशेजारी भाजीची बाडी. तिथली वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मनोज पहाटेच्या गाडीनं अमरावतीला राजापेठेत पोचवायचा.

माळीपुऱ्याची एक रीत होती. पूर ओसरला, चिखल काढला, की सगळे मिळून शहरातून पाडलेल्या घरांचा मलबा मागवायचे आणि आपापल्या घरामागे टाकायचे. त्याला म्हणायचे 'थर देणं'. औंदा पाणी उंबऱ्याला लागलं, तर पुढच्या वर्षी उंबरा उंच! शेजाऱ्यानं थर दिला की आपल्यालाही द्यावाच लागायचा, नाहीतर त्याचं पाणी आपल्या अंगणात. असे थरावर थर चढले. काठ हळूहळू नदीत सरकला, आणि कोणाला ते दिसलं नाही. आपल्या घरामागची जागा वाढली तर कोणाच्या डोळ्याला खुपते हो?

पण त्या थरांखाली पार्बताबाईचं काहीतरी गाडलं गेलं होतं.

तिची लेक रूपाली नदीच्या पल्याडच दिलेली. तेही माळीच. त्यांचा झेंडूचा मळा इथून पिवळाधमक दिसायचा. आता लेक इतकी जवळ, तर आई रोज जात असेल असं वाटेल. नाही! लेकीच्या पदरात मूल पडेपर्यंत आईनं तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. पार्बताबाईनं ती इतकी कडक पाळली की तो काठसुद्धा ती कधी चढली नाही. रूपालीला अजून मूल नव्हतं. कोणी बोलायचं नाही, पण दोघींच्या मनात ते असायचंच.

सणासुदीला रूपाली माहेरी यायची. पण रोजची भेट कुठे व्हायची? नदीच्या मधोमध! उन्हाळ्यात सुकीचं पात्र कोरडं पडायचं आणि दोन्ही काठचे माळी रेतीत डांगरवाडी लावायचे. डांगरं, काकड्या, कलिंगडं. इकडचे वेल तिकडं जायचे, तिकडचे इकडं. ऊन उतरलं की एका काठानं आई उतरायची, दुसऱ्यानं लेक. मध्ये रेतीवर बसून काकडी मोडून खायची. रेती ना माहेरची, ना सासरची, तेव्हा तिथं खाल्लेलं चालायचं. सासूच्या चहाड्या तिथंच, रडणंही तिथंच, आणि हसू तर असं की पल्याडून सासू ओरडायची, "काय वं, माह्यीच गोठ चालू हाय ना?"

मलब्यानं ती रेती गिळली. पात्र आवळलं, पाणी तळ खोल कापत गेलं, डांगरवाडी संपली. आणि गेल्या भादव्यात जे कधी झालं नव्हतं ते झालं. सुकी पल्याडच्या काठावर चढली आणि रूपालीच्या घरात शिरली. दसऱ्याचा झेंडू मुळासकट गेला. रूपालीचा फोन आला, "दादा, तुमच्या काठानं आमच्याकडे पाणी लोटलं." मनोज तडकला, "नदी का माह्या बापाची हाय? तुमी बी टाका ना मलबा!"

तेव्हापासून रूपाली माहेरी आली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अक्षय्यतृतीयेला पार्बताबाईनं पुरणाचं ताट झाकून ठेवलं ते शेवटी गाईला घातलं. रोज संध्याकाळी ती मागच्या थरावर उभी राहायची. पल्याड दोरीवर लेकीचं लुगडं वाळताना दिसायचं. हिरवं दिसलं की तिला वाटायचं, हे मी दिलेलं. एकदा तिनं हाकही मारली. लुगडं काढता काढता रूपाली थांबली. पण वळली नाही.

यंदा श्रावणात नगर परिषदेनं देवळाच्या सभामंडपात बैठक घेतली. देवश्री नावाची तरुण इंजिनिअर आली होती. तिनं नकाशावर दोन रेषा दाखवल्या. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीची, तिथं घर नको. निळी ते लाल यामधल्या जागेत बांधायचं तर सांभाळून. माळीपुऱ्याची मागची ओळ निळ्या रेषेच्या आत होती.

"घरं रस्त्यापलीकडच्या उंच जागेवर न्यायची, मलबा काढायचा, आणि बाड्या इथंच ठेवायच्या, तुमच्याच ताब्यात," ती म्हणाली.

"आमाले भिंत पाहिजे!" मनोज उठला. "नदीले भिंत घाला, विषय खतम!"

"भिंत! भिंत!" सगळा मंडप गरजला.

"भिंतीनं पाणी नाहीसं होत नाही, दादा. ते दुसरीकडे जातं."

"कुठं जाते?" पार्बताबाईनं विचारलं.

देवश्रीनं नुसतं पल्याड बोट दाखवलं.

पण मनोज म्हणाला, "तिकडचं तिकडचे पायतीन," आणि हात वर झाले. पार्बताबाईनंही केला. कावून नाही करणार? हे घर हललं, तर उद्या रूपालीचा राग निवला की ती येईल कुठं? वामनरावांचं निळं घर म्हणजेच तिचं माहेर. पार्बताबाई ते लेकीसाठी धरून बसली होती. देवश्री जाताना म्हणाली, "पुढच्या बैठकीत पुन्हा बोलू. मागच्या ओळीतलं पहिलं घर तुमचं आहे, आई. तुम्ही ठरवाल तसं बाकीचे ठरवतील."

चार-दोन दिवसांनी आभाळ भरून आलं. पार्बताबाई थरावर उभी होती. पल्याड रूपाली आणि जावई धान्याचे डबे उचलून गच्चीवर नेत होते. मग गादी. मग देवाचा चौरंग.

ही कामं पार्बताबाईच्या काठाची होती. त्या काठानं ती कधी केली नव्हती!

"मनोज, मले पुलावरून पल्याड सोड."

"माय, येडी झाली का? थे तुले बसा बी म्हणणार नाईत."

"मंग उभी रायतो," म्हणून तिनं पदर खोचला, पुलावरची सहा सीटर रिक्षा पकडली आणि गेली.

अंगणात तिची विहीण कौतिकाबाई जास्वंदाच्या कळ्या खुडत बसली होती. जिभेला धार अशी की सुपारी नुसती तोंडात टाकली तरी आपसूक कातरली जावी.

"या ईनबाई! रस्ता चुकल्या का? का आपली नदी आमच्याकडे नीट पोचली का नाई, थे पाहाले आल्या?"

"बोला, बोला. आईकाले आली मी."

रूपाली दारात आली, आईला पाहिलं आणि आत गेली. पार्बताबाई अंगणातच उभी राहिली. भिंतीवर गेल्या वर्षीच्या चिखलाची रेघ होती, तिच्या कमरेइतकी. ती पाहवेना म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि नदीपल्याड तिला स्वतःचं घर दिसलं.

अगं माय! हे आपलं घर?

एवढ्या वर्षांत तिनं ते समोरून पाहिलं होतं, आतून पाहिलं होतं, छपरावर चढून पाहिलं होतं. पल्याडून कधीच नाही. मलब्याचा एक उभा कडा, दुमजली वाड्याएवढा. त्यात कोणाच्या न्हाणीघराच्या फरशा, वाकडे गज, फुटकं संडासाचं भांडं. त्या कड्यावर मुकुटासारखं निळं घर. आणि खाली सुकी, अंग चोरून, दोरीएवढी झालेली, त्या कड्याला धडकून वळत होती ती सरळ रूपालीच्या अंगणाकडे.

"आमी तरी काय करावं, ईनबाई?" तिचा आवाज बसला. "घरात पाणी भरते ना."

"भरते. मले आता चांगलंच ठाऊक हाय!" कौतिकाबाई उठली. "माह्या सासऱ्याच्या काळात ही सुकी कशी चालायची, सांगू? नऊवारी नेसलेली जाडी बाई बाजारातून चालते ना, तशी. ऐसपैस. दोन्हीकडचे लोक सरकून वाट द्यायचे, थे जायची अन् परत सगळे आपापल्या जागी. तुमी तिले बोळीत कोंबली! आता थे कोणाचं तं दार मोडीनच."

"मनोज भिंत मागून राहिला."

"मागू द्या! मंग आमी बी भिंत बांधतो. मंग पाणी खालच्या गावात. थे बी बांधतीन. अशी पार पूर्णा नदीपर्यंत भिंतीले भिंत. मंग नदीले जिना बांधून गच्चीवरून न्या!" बोलता बोलता तिचा सूर उतरला. "ईनबाई, माह्या घरात पाणी आलं त्याचा राग नाई मले. पाणी कोणाच्या बी घरात येते. पण थे तुमी धाडलेलं होतं, अन् तुमाले माहीत बी नोतं. याचा राग येते."

तेवढ्यात रूपाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि रीत आठवून घुटमळली.

"आई, तुले... चालते?"

"तहान लागली मले," पार्बताबाई म्हणाली, आणि तांब्या घेऊन घटाघटा प्यायली. तिचे डोळे वाहत होते. त्या घरचं ते पहिलं पाणी.

रूपाली जवळ येऊन उभी राहिली. "मी कावून येत नाई, माहीत हाय? तुह्या खिडकीतून माह्यं घर दिसते आई. पाऊस आला की तुमी सगळे उंच थरावर, अन् मी इकडे पाहात बसावं, आमचं बुडते का म्हणून? अशा माहेरी झोप कशी लागीन?"

घर लेकीसाठी धरून ठेवलं होतं. आणि त्याच घरानं लेक दूर लोटली होती!

पुढच्या बैठकीत मंडप पुन्हा "भिंत! भिंत!" करू लागला, तेव्हा पार्बताबाई उभी राहिली.

"माह्यं घर पहिलं हाय. माह्या घरामागचा मलबा आधी काढा. मी वरच्या जागेवर जातो."

"माय!" मनोज ओरडला. "बाबानं बांधलं थे घर!"

"तुह्या बापानं घर बांधलं, बेटा. नदी नाई बांधली! थे आधीपासून हाय. तिची वाट आपण अडवली. तू एकदा पल्याड जा, बहिणीच्या अंगणात उभा राय, अन् आपलं घर पाय. मंग माग भिंत."

मग ती देवश्रीकडे वळली. "पण पोरी, आमचं बी आईक. वरच्या जागेवर आधी नळ, लाईट, रस्ता. मंग आमी घर सोडू. सरकारी जागा म्हणून नुसतं माळरान दाखवलं तं एक बी माणूस हलणार नाई. बाडी आमच्या ताब्यात रायते, हे कागदावर पाहिजे. अन् जे भाड्यानं रायतात त्याइलेही जागा."

"खरं आहे, आई," देवश्री म्हणाली. "एवढं आम्ही आधी केलं नाही, तर तुम्ही हलू नका. काठावरची शाळा आणि दवाखाना हलवता येत नाहीत, तेवढ्यापुरतीच भिंत घालू. आणि नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणातून पाणी सोडायच्या आधी दोन्ही काठांना फोन येईल. एकाच काठाला नाही."

दुसऱ्या दिवशी मनोजनं मोटारसायकल पुलावरून पल्याड घातली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. प्रणालीला म्हणाला, "त्या भिंतीवरची रेघ माह्याही कमरेपर्यंत हाय."

सरकारी काम, त्याला वेळ लागलाच. नळासाठी माळीपुऱ्यातल्या बाया दोनदा कचेरीत जाऊन बसल्या. एकीनं तर म्हणे साहेबाच्या टेबलावरच वांग्यांचा ढीग रचला आणि पाणी येईपर्यंत उचलला नाही. त्या वांग्यांना तिथंच फुलं आली म्हणतात. शेवटी नळ आला, लाईट आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात जेसीबीनं पहिला घास घेतला तो पार्बताबाईच्या घरामागून. निळी भिंत पडली तेव्हा ती पाठ करून उभी राहिली. घर कोणाचंही असो, पडताना पाहवत नाही.

वरच्या जागेवर अजून घर उभं व्हायचं होतं. टिनाच्या शेडमध्ये चूल मांडली होती. तिथं पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस रूपाली आली, हातात पिशवी घेऊन.

"आई, मी रायतो चार दिवस."

पार्बताबाई गडबडली. "इथं कुठं वं? ना खोली, ना खिडकी. जुन्या घरी कशी नदी दिसायची, तुह्यं घर दिसायचं. इथून काहीच दिसत नाई."

"दिसत नाई म्हणूनच झोप लागीन," रूपाली म्हणाली, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून तिथंच आडवी झाली. बाहेर टिनावर थेंब वाजू लागले. पार्बताबाई लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. मनातलं निळं घर तेवढं अजून हललं नव्हतं. ते हलायला वेळ लागणारच.

मंडळी, तुमच्याही गावातून एखादी सुकी वाहत असेल, एखादा नाला जात असेल. त्याच्या काठावर तुम्हीही थर दिला असेल, किंवा 'भिंत पाहिजे' म्हणून हात वर केला असेल. एकदा पल्याड जा आणि तिथून आपलं घर पाहा. आपल्या दारातून लोटलेलं पाणी कुठंच नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातं. नदीची जागा नदीला द्या. आणि ज्यांना त्यासाठी घर सोडावं लागतं, त्यांना आधी घरासारखी जागा द्या. ही दोन्ही कामं सरकारची आहेत, आणि ती करून घेण्याचं काम आपलं आहे.