कागदोपत्री वास्तव्य

खोकेवाल्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पैसा दिला आणि करांनी धास्ती. नफ्यावर कंपनीचा कर, शिवाय कामगारांच्या पगारातून कापून सरकारला भरायचा तो वेगळा. हे दोन्ही ते मुदतीआधीच भरून मोकळे होत. झोप उडवली ती फ्लॅटने. गुंतवणूक म्हणून घेतलेला, कर वाचावा म्हणून बायकोच्या नावावर केलेला. आता गिऱ्हाईक चांगलं आलं होतं. पण नव्या नियमाप्रमाणे राहतं घर विकलं तर नफ्यावर कर माफ, आणि गुंतवणुकीचं विकलं तर सरकार चांगलाच लचका तोडणार.

करसल्लागाराने तोड काढली. मालकीणबाई त्या फ्लॅटमध्येच राहतात, असं अर्जात लिहून दिलं. झालं, अधिकारी पाहणीला येणार असं खात्याने कळवलं. कधी, ते कळवलं नाही.

"वहिनींना तिकडे राहायला पाठवा," सल्लागार म्हणाला. "बंद घराला वास येतो. या लोकांना तो बरोबर कळतो."

बायको कारखान्याच्या वरच्या घरातून एक बॅग आणि कुकर घेऊन गेली. कुरकुर नाही, काही नाही. तिने कुरकुर केली असती तर खोकेवाल्यांना उलट बरं वाटलं असतं. ते उठल्यासुटल्या फोन करायचे. "दोरीवर कपडे टाकलेस का? शेजाऱ्यांशी बोलत जा. दूध लाव." एकदा तर साबण फारच नवा दिसतो म्हणून तो झिजवायला बेसिनपाशी हात धूत उभे राहिले. बायको दारात उभी राहून हसत होती. ते मात्र हात धूतच राहिले. खोटं पकडलं गेलं तर दंड भरावा लागणार, वर कारखान्याची सगळी दप्तरं उघडणार.

शेवटी तिचाच फोन आला, "करखात्याच्या बाई आल्यात."

ते धापा टाकत पोचले, तेव्हा अधिकारीबाई कपाट बघून वळत होत्या.

"तुम्ही इथे राहता?"

"हो," बायको म्हणाली.

"आणि हे? यांचं तर इथे काहीच दिसत नाही."

खोकेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चपलांचा एक जुना जोड तरी आणून ठेवायला काय झालं होतं!

"हे तिकडे, कारखान्यावर राहतात," बायको शांतपणे म्हणाली. "मी इथे. मला इथे बरं वाटतं."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, पाहणीच्या कागदावर सही केली आणि त्या गेल्या.

"सुटलो!" खोकेवाले खुर्चीत कोसळले. "काय बेमालूम बोललीस! चल, आवर. गिऱ्हाइकाला आजच कळवतो."

"घर विकायचं नाही."

"म्हणजे?"

"मी त्यांना काही खोटं सांगितलं नाही. तिकडे खाली मशिनं धडधडतात, वर तुम्ही. जेवतानासुद्धा कर, दंड, नोटीस. तुमच्या काळजीने मी इतकी वर्षं घाबरत आले, आणि ती काळजी माझी नव्हतीच. इथे मला झोप लागते हो."

तिच्या सहीशिवाय विक्री होणार नव्हती, हे खोकेवाल्यांना कोणी सांगायला नको होतं. सल्लागाराला विचारावं म्हणून त्यांनी फोन काढला, पण नेमकं विचारायचं काय, तेच सुचेना.

"अगं, मग मी?" फोन तसाच हातात धरून त्यांनी विचारलं.

तिला त्यांची दया आली.

"या की तुम्हीसुद्धा," ती म्हणाली. "फक्त यायच्या आधी फोन करत जा."