फटीवरचा कागद

मी गोर्ना ब्रेझा गावच्या दवाखान्याचा दरवाजा बोलतोय. ओकच्या लाकडाचा, मधोमध उघडणाऱ्या दोन फळ्यांचा. लोकांच्या घरात काय चाललंय याची मला भारी उत्सुकता. पूर्वी रोगी मला टेकून उभे राहत, त्यामुळे कुणाला काय झालंय ते डॉक्टरांआधी मलाच कळे.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई परदेशी गेल्या आणि मला कुलूप लागलं. मग गावानं माझ्यावर वारलेल्या माणसांच्या निधनाचे कागद चिकटवायला सुरुवात केली. वर फोटो, खाली तारीख. असा कागद आमच्यात कुणी फाडत नाही. ऊनपावसानं गळेल तेव्हा गळेल.

फेब्रुवारीत स्तामेन आजोबा गेले. शहरातून निघालेली रुग्णवाहिका बर्फात अडकली होती. त्यांच्या नातीनं, नेवेनानं, त्यांचा कागद माझ्या मधोमध, दोन्ही फळ्यांवर मिळून चिकटवला. "आजोबा, हे कुलूप मीच काढीन," म्हणाली, आणि अभ्यासाला बसली.

डॉक्टरीच्या कॉलेजात डोंगरी गावात राहणाऱ्यांसाठी एकच जागा होती. नेवेना यादीत दुसरी आली. पहिला कालोयान, आमच्या सरपंचाचा, स्तोयचोचा भाचा. राजधानीत वाढलेला, चार-चार शिकवण्या लावलेला. पण कागदोपत्री त्याचा मुक्काम कुठं? तर माझ्यामागं, डॉक्टरांच्या खोलीत, तीन वर्षं! मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

तो इथं राहतो का याची कॉलेजाकडून तपासणी होणार म्हटल्यावर स्तोयचोनं मला हिरवा रंग दिला, भाच्याच्या नावाची पाटी ठोकली.

"काय रे, नवरी सजवतोस का?" तिंका आजीनं कुंपणावरून टोमणा मारला.

"आजी, थंडीत सरपण हवंय ना तुला?"

आजी घरात निघून गेली. सरपण वाटणारा तोच, म्हणून सगळं गाव गप्प झालं.

तपासनीस बाई आल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. बाकीचे कागद केव्हाच गळले होते. स्तोयचोनं मला सगळं रंगवलं होतं, फक्त आजोबांभोवतीची जागा सोडून. त्याला मधमाश्या पाळायला त्यांनीच शिकवलं होतं.

"तुमचा भाचा आत जातो कुठून?"

"इथूनच की, बाई. दुसरं दार आहे कुठं?"

बाईंनी फटीवरच्या अखंड कागदावर, तारखेवर बोट ठेवलं. "उघडा मग."

स्तोयचोनं किल्ली लावली. पण ती फिरवायला त्याचा हात धजेना.

"आजोबा फाटतील," तो पुटपुटला.

बाईंनी कालोयानचं नाव तिथंच खोडलं.

ऑक्टोबरात नेवेना शिकायला गेली. सहा वर्षं लागतील म्हणतात. काल माझ्यावर तिंका आजीचा कागद लागला.

पोरी, शहर गोड लागेल तुला. लागू दे. पण जागा कुणाच्या वाट्याची मिळाली ते विसरू नकोस. वारा सुटला की मी दोन्ही फळ्या घट्ट धरून उभा राहतो. आजोबांचा कागद फाडून आत यायचा मान तुझा आहे.